सहावी-सातवीची सहल महाराजबागेत न्यायची आहे. झाडं दाखवायची कशी?

धरमपेठची_मास्तरीण
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहावी-सातवीची 84 मुलं नागपूरच्या महाराजबागेत, म्हणजे बाग आणि प्राणिसंग्रहालय एकत्र आहे तिथे, न्यायची आहेत. वेळ सकाळी साडेसात ते साडेअकरा, सोबत सात शिक्षक. विषय वनस्पती. पण फाटकातून आत शिरलं की सगळा लोंढा वाघ-बिबट्याकडे वळतो हे नागपूरकरांना सांगायला नको. उरलेल्या वेळात पाट्यांवरची नावं वहीत उतरवायची आणि त्याला शैक्षणिक सहल म्हणायचं, हे पटत नाही. मुलांकडून नेमकं काय करून घ्यावं, किती वेळात, सामान काय लागेल? की जागाच बदलावी? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा.

बर्डीवाला
वाघ पाहू द्या ना बाप्पा. झाड काय पळून जाते का?

प्रयोगवही
84 मुलं आणि सात शिक्षक म्हणजे बाराचे सात गट. सात झाडं ठरवा आणि प्रत्येक झाडाखाली एक शिक्षक कायम ठेवा. शिक्षक फिरत नाहीत, गट फिरतात. एका झाडाशी 15 मिनिटं, पुढच्या झाडापर्यंत चालायला 5. म्हणजे झाडांशी 105 मिनिटं आणि मधल्या चालण्याची 30, एकूण सव्वादोन तास. शिट्टी एकाच माणसाकडे. शिक्षक एका जागी राहिला की दुसऱ्या-तिसऱ्या गटापर्यंत त्याला कळतं की मुलं कुठे अडतात, आणि प्रश्न आपोआप सुधारतो.

बाराच्या गटात तिघातिघांच्या चार टोळ्या करा. एक मोजणारा, एक लिहिणारा, एक बघून सांगणारा, आणि पुढच्या झाडाला कामं बदलायची. बाराजणांना मिळून एकच काम दिलं तर पुढचे तिघं करतात आणि मागचे नऊ एकमेकांच्या टोप्या उडवतात.

पेन देऊ नका, पेन्सिल द्या. थंडीत सकाळी गवतावर दव असतं, कागद दमट होतो आणि त्यावर बॉलपेन उठत नाही. वही हातात धरून लिहिता येत नाही म्हणून प्रत्येक टोळीला एक पुठ्ठा आणि दोन चिमटे.

'दहा झाडांची नावे लिहा' असला प्रश्न कागदावर नकोच. जो प्रश्न झाडाला हात लावल्याशिवाय सुटत नाही तोच ठेवायचा.

निशिगंध_७
प्रयोगवही सर, शिक्षक झाडाखाली उभे राहिले तर चालत्या गटासोबत कोण? पाच मिनिटं म्हणा, पण तेवढ्यात बारा मुलं पिंजऱ्याकडे सटकतात. शिवाय सात माणसांवर 84 मुलं हे प्रमाणच कमी आहे. दहा मुलांमागे एक मोठा माणूस हवा, आणि मुली असल्या की सोबत बाई शिक्षिका हवीच.

प्रयोगवही
बरोबर आहे. गटासोबत पालक द्या. सात पालक मिळाले की एकूण चौदा मोठे होतात, म्हणजे सहा मुलांमागे एक. फक्त पालकांना आधी बजावून ठेवा की उत्तरं सांगायची नाहीत आणि आपल्याच पोराचे फोटो काढत बसायचं नाही. आपल्या मुलाचा गट त्याच पालकाला देऊ नका.

गणतीसाठी नावं घेऊ नका, वेळ जातो. प्रत्येक मुलाला 1 ते 12 आकडा आणि गटाचं अक्षर कापडी बिल्ल्यावर. झाड सोडताना मुलांनीच आकडे म्हणायचे. सातवा बोलला नाही की आठव्याला तिथेच कळतं.

अंजनवृक्ष
झाडं कोणती घ्यायची ते आधी स्वतः बागेत जाऊन ठरवा. नकाशा हाताने काढा आणि झाडांमधलं अंतर पावलांनी मोजा. डिसेंबरात बघण्यासारखं काय असतं ते सांगतो. यातलं जे बागेत सापडेल ते घ्या.

साग. याची जाळी झालेली पानं शोधा. एका पतंगाच्या अळ्या शिरांमधला हिरवा भाग खातात आणि शिरा तशाच ठेवतात. पावसाळ्याच्या शेवटापासून अशी पानं झाडावर दिसतात, पुढे खाली पडलेलीही सापडतात. उजेडासमोर धरलं की मुख्य शीर, उपशिरा आणि त्यांच्यातली बारीक वीण वेगवेगळी दिसते. पुस्तकातला 'जाळीदार शिराविन्यास' हातात येतो. कोवळं पान मिळालं तर बोटांत चुरगाळायला सांगा, बोटं लाल होतात.

सप्तपर्णी. नागपुरात रस्त्यारस्त्यावर लावली आहे. पानांवर फोड दिसतात आणि मुलं हटकून विचारतात की झाडाला हे काय झालं. एक फोड ब्लेडने शिक्षकांनीच कापायचा आणि भिंग द्यायचं. आत पांढरट, चपटं पिल्लू बसलेलं असतं. हा सिला जातीचा रस शोषणारा किडा. झाडाने त्याच्याभोवती पेशी वाढवल्या म्हणून फोड झाला. एखाद्या फोडाला छिद्र असेल तर किडा उडून गेलेला असतो, मग तो कापून उपयोग नाही. बंद फोड निवडा.

उंबर. पडलेलं पिकलं फळ उभं चिरा. आतली फुलं आणि त्यातून निघणाऱ्या बारीक गांधीलमाश्या बघायच्या. फार कच्चं फळ घेतलं तर आत नुसते दाणे दिसतात, फार सडलं असेल तर मुंग्या. नुकतं पडलेलं, किंचित मऊ फळ घ्या.

कडुनिंब. इथे एकच प्रश्न: या डहाळीवर पानं किती? जवळजवळ सगळी मुलं पर्णिका (एकाच संयुक्त पानाचे छोटे भाग) मोजतात. मग देठाच्या बुडाशी, फांदीला तो जुळतो तिथे, कळी आहे का बघायला सांगा. कळी जिथे आहे तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. हा प्रश्न पंधरा मिनिटं सहज पुरतो आणि भांडणं मजेची होतात.

काटेसावर
यात दोन अशोक घालाच. सरळसोट उंच, लोंबत्या लहरी पानांचा तो खोटा अशोक, आणि पसरट, संयुक्त पानांचा तो सीता-अशोक. डिसेंबरात फुलं नसतात, त्यामुळे ओळख पानावरूनच करावी लागते. कडुनिंबानंतर लगेच हे झाड आलं तर कळीची युक्ती मुलं स्वतः वापरतात.

टणटणीचं झुडूप दिसलं तर दहा मिनिटं फक्त मोजणी: फुलपाखरू पिवळ्या फुलावर बसतं की गुलाबी-लालवर? नवीन उमललेलं फूल पिवळं, मध त्यातच. नंतर रंग बदलतो. आठच्या आधी मात्र हा प्रयोग फसतो, थंडीत फुलपाखरं ऊन तापल्याशिवाय उडत नाहीत. हा थांबा ज्या गटांना नऊनंतर येतो त्यांनाच आकडे मिळतात.

बर्डीवाला
थंडीत आम्ही पण ऊन तापल्याशिवाय उडत नाही.

मोजपट्टी
घेर आणि उंची कोणीच लिहिली नाही, मी लिहितो. सातवीला वर्तुळ-परीघ येतो, तिथे गणिताचा तासही सुटतो.

घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर घ्यायचा. वनखातंही तिथेच घेतं. मुलांना 'छातीच्या उंचीवर' म्हटलं की प्रत्येकजण स्वतःच्या छातीवर मोजतो आणि एकाच झाडाचे चार आकडे येतात. म्हणून 137 सेंटिमीटरच्या काठ्या आधीच कापून न्या. शिंप्याची टेप 150 सेंटिमीटरची असते, मोठ्या झाडाला पुरत नाही. सुतळी गुंडाळा, गाठ मारा, जमिनीवर पसरून मोजा. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, ती नको. घेर भागिले 3.14 म्हणजे व्यास. वडाला हे करू नका, पारंब्यांमुळे घेर कशाचा धरायचा यातच वेळ जातो.

उंचीसाठी चौकोनी कागद कर्णावर दुमडा, 45 अंशाचा त्रिकोण तयार. उभ्या बाजूला दोरा आणि वॉशर लटकवा. दोरा त्या बाजूला समांतर राहिला तरच त्रिकोण सरळ आहे. तिरक्या कडेवरून शेंडा दिसेपर्यंत मागे सरकायचं. झाडापासूनचं अंतर अधिक डोळ्यांची उंची म्हणजे झाडाची उंची. डोळ्यांची उंची मिळवायला मुलं विसरतात आणि झाड सव्वा मीटरने खुजं होतं. पसरट झाडाचा खरा शेंडा खालून दिसतच नाही, म्हणून खोटा अशोक किंवा तसंच निमुळतं झाड घ्या. मागे सरकताना पाठीमागे कोणी तरी उभं हवं. नाला, पायरी, कुंडी काहीही असू शकतं.

पानफुटी
बाष्पोत्सर्जनाची (पानांतून पाणी वाफ होऊन बाहेर पडतं त्याची) पिशवी विसरले सगळे? पारदर्शक पिशवी पानांच्या डहाळीवर घालून दोऱ्याने घट्ट बांधायची, दोन तासांनी आत थेंब. पण बांधण्याआधी पानं रुमालाने पुसा. नाही तर दवाचं पाणी आत राहतं आणि पोरं बरोबर तोच आक्षेप घेतात. दुसरी तशीच पिशवी निष्पर्ण काडीवर बांधा, तुलना तिच्याशी. डहाळी उन्हाच्या बाजूची हवी, सावलीत थेंब नीट जमत नाहीत. आणि बागेच्या लोकांना विचारूनच बांधा.

रंध्रांसाठी (पानावरच्या सूक्ष्म छिद्रांसाठी) नेलपॉलिशचा ठसा करणार असाल तर कण्हेर घेऊ नका. तिची रंध्रं पानाखालच्या खळग्यांत दडलेली असतात, ठशात उमटत नाहीत. कुंडीतला जांभळ्या पाठीचा ऱ्होइओ घ्या, त्याची साल नुसती सोलूनही सूक्ष्मदर्शकाखाली रंध्रं दिसतात. पण हे काम शाळेत परत आल्यावर. बागेत पॉलिश वाळायची वाट कोण बघणार.

धरमपेठची_मास्तरीण
किती छान माहिती. पिशवीला दोन तास लागतात म्हणजे सुरुवातीला बांधायची आणि शेवटी बघायची. मग मधल्या वेळात प्राणी, की आधी?

अंजनवृक्ष
प्राणी शेवटी. आधी पिंजरे दाखवले तर मुलं झाडाखाली उभी राहून वाघाच्याच गोष्टी करतात.

निशिगंध_७
अंजनदादा, इथे सहमत नाही. शेवटी ठेवले तर पूर्ण सव्वादोन तास 'मॅडम, वाघ कधी?' ऐकावं लागतं. शिवाय सकाळी लवकर प्राणी जागे आणि हालते असतात, अकराला झोपलेले दिसतात. पिशव्या बांधून घ्या, अर्धा तास प्राणी दाखवा, मग झाडं. वाघ बघून झाला की डोक्यातून उतरतो.

मोजपट्टी
निशिगंधताईंची बाजू मला पटते, वेळेचं गणितही बसतं. आठला पोचलात, सव्वाआठपर्यंत पिशव्या, पावणेनऊपर्यंत प्राणी, मग सव्वादोन तास झाडं, अकरा वाजले. पण मग डबा कधी आणि शौचालय कधी? 84 मुलांना शौचालयासाठी वीस मिनिटं धरा, मुलींची रांग मोठी होते. सात झाडांची पाच करा. प्रत्येक गटाने सातही झाडं बघायलाच हवीत असं कुठे आहे? मधले दोन फेरे डबा आणि हातपाय धुण्याला.

टोंग्या
डब्यात सावजी नका आणू अन् काहीही आणा. मास्तर लोकं पोरांच्या डब्याभोवती फिरून राहतात मग.

रानमेवा
डब्याचं निघालं म्हणून सांगते, चकाकत्या पुड्या नकोत. सेमिनरी हिल्स, गोरेवाड्याकडे गेलात तर वानर पुडीचा आवाज ओळखतात. पोळीचा रोल सगळ्यांत सोयीचा, एका हातात मावतो. संत्र्याच्या साली झाडाबुडी टाकू देऊ नका, 'खत होते' म्हणून पोरं बिनधास्त टाकतात आणि मग मुंग्या-माश्या.

कषाय
वैद्यकीय बाजू राहिली आहे, ती लिहितो. सामानापेक्षा ही यादी आधी वाचा.

बसमध्येच नियम सांगायचा: बागेतलं काहीही तोंडात नाही. चिंच नाही, बोर नाही, काहीच नाही. अपवाद ठेवला की मुलं अपवादच लक्षात ठेवतात. आपल्याकडे कुंपणाला चंद्रज्योत असते, तिच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. विदर्भात शाळकरी पोरांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या येतात त्या बहुतेक याच बियांच्या. गुंज, धोतरा, एरंड, पिवळी कण्हेर यांच्या बियाही विषारीच. खाल्लंच तर बोटं घालून उलटी काढू नका. काय खाल्लं त्याची फांदी किंवा बी पिशवीत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर सुरुवातीला दुखत नाही, म्हणून मूल सांगतच नाही, पण काही तासांत नजर धूसर होते. स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्यायचं. दोन लिटर साधं पाणी वेगळं ठेवा, पिण्याच्या बाटल्या त्यात मोजू नका.

निवडुंग विभागात फड्या निवडुंगाची बारीक कुसं हाताला लागतात. चोळू नका. सेलोटेप दाबून ओढली की बरीचशी निघतात, उरलेली चिमट्याने.

अंजनवृक्ष
कषाय सरांच्या यादीत आग्या मोहोळ जोडा. दिवाळीनंतर मोठ्या वडा-सावरीच्या उंच फांद्यांवर आणि पाण्याच्या टाक्यांखाली पोळी लागतात. आदल्या दिवशी मान वर करून प्रत्येक थांब्याचं झाड बघा. पोळं दिसलं तर झाड बदला. खाली शांत उभं राहिलं तरी कोणी तरी दगड मारतोच. धूर आणि उग्र अत्तर त्या दिवशी टाळा.

माश्या उठल्याच तर तोंड झाकून बसमध्ये किंवा बंद खोलीत पळायचं, हात झटकायचे नाहीत, पाण्यात उडी मारायची नाही. नांगी ताबडतोब काढायची, नखाने खरवडली तरी चालेल, शोधाशोधीत वेळ घालवू नका. ओठ सुजले, श्वासाला त्रास झाला, अंगावर गांधी उठल्या तर थांबायचं नाही, थेट इस्पितळ. कोणत्या मुलाला आधीपासून ॲलर्जी आहे हे पालकांच्या संमतिपत्रात विचारून ठेवा.

पानफुटी
एक विषयांतर. पाट्या खिळ्याने ठोकलेल्या झाडापाशी दोन मिनिटं थांबा. सालीच्या आतला एधा-थर (नवीन पेशी तयार करणारा थर) वाढत राहतो, खोड जाड होतं आणि पाटी हळूहळू गिळली जाते. काही ठिकाणी अर्धी अक्षरं आत गेलेली दिसतात. 'अक्षरं कुठे गेली?' हा प्रश्न मुलांना विचारण्यासारखा आहे. आणि हो, सगळ्या पाट्यांवर विश्वास ठेवू नका, बदललेली लागवड आणि न बदललेली पाटी हे जोडपं कुठल्याही बागेत सापडतं.

रानमेवा
चाकाची खुर्ची वापरणारं किंवा कमी दिसणारं मूल असेल तर एक झाड वासाचं ठेवा, डांबरी वाटेच्या कडेला. गवती चहा, ओव्याचं पान, सब्जा, कढीपत्ता. डोळे बांधून सगळ्यांनीच ओळखायचं, म्हणजे कोणी वेगळं पडत नाही. पान एकदाच चुरगाळायचं, दहाव्या मुलापर्यंत वास उडतो म्हणून प्रत्येक टोळीला वेगळं पान.

काटेसावर
जागेचा प्रश्न राहूनच गेला. महाराजबाग कृषी विद्यापीठाकडे आहे आणि शेजारीच 1906 चं कृषी महाविद्यालय आहे. तिथे उद्यानविद्या विभागाला आधी पत्र दिलं तर माहीतगार माणूस मिळण्याची शक्यता असते. प्राणी नकोच असतील तर फुटाळ्याजवळची सातपुडा बोटॅनिकल गार्डन आहे, आधी स्वतः जाऊन वाटा आणि सावली बघून या.

आठवी-नववीसाठी अमरावती रोडवरची लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था फार चांगली. संत्र्याचा डोळा (कळी असलेला सालीचा तुकडा) खुंटावर, म्हणजे दुसऱ्या लिंबूवर्गीय रोपावर, कसा भरतात ते बघायला मिळालं तर मुलांना कळतं की संत्र्याची मुळं संत्र्याची नसतात, जंबेरीची किंवा रंगपूर लाइमची असतात. डोळा जमिनीपासून वीत-दीड वीत उंच का भरायचा हे जरूर विचारा. खाली भरला की पावसाळ्यात मातीतली बुरशी सांध्यापर्यंत पोचते आणि बुंध्यातून डिंक गळायला लागतो. संत्रानगरीतल्या पोरांना संत्र्याचं झाड ठाऊक नसावं, हे मला तरी खटकतं.

बर्डीवाला
हाव ना, पोरांले संत्राबर्फी ठाऊक असते.

धरमपेठची_मास्तरीण
सर्वांचे आभार. पाच थांबे, दोन फेरे डबा-पाण्याचे, सुरुवातीला पिशव्या, मग प्राणी, असं ठरतंय. दोन शंका. पानं गोळा करू द्यावीत का? आणि बागेला द्यायच्या पत्रात काय लिहावं?

पानफुटी
तोडायची नाहीत, पडलेलीच घ्यायची, तीही बागेने हो म्हटलं तर. एका टोळीला पाच पानं ही मर्यादा. वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये तिथेच सपाट ठेवा, दप्तरात कोंबलेलं पान घरी पोचेपर्यंत वळतं आणि मग मोडतं. पहिले तीन दिवस कागद रोज बदलायचा. कागद बदलला नाही तर पान काळं पडतं, कारण ओल आत कोंडते. नागपूरच्या कोरड्या थंडीत आठवड्याभरात होतं. निवडुंग, पानफुटी असली मांसल पानं दाबली तरी वाळत नाहीत, आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवावी लागतात. ते शिक्षकांनी करायचं.

निशिगंध_७
पत्र शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीचं: तारीख, वेळ, इयत्ता, मुलं-मुली वेगवेगळे आकडे, सोबतचे मोठे किती, बस किती आणि कुठे थांबणार, एका जबाबदार शिक्षकाचा मोबाइल नंबर. पिशव्या बांधणार आणि पडलेली पानं उचलणार, हे स्पष्ट लिहा, तोंडी परवानगी दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या माणसाला माहीत नसते. बंद असण्याचा वार फोन करून विचारा. पोच घेतलेली प्रत बसमध्ये न्या. एसटी करणार असाल तर शालेय सहलीला निम्म्या भाड्याची सवलत आहे, तिचा अर्ज आगारात वेगळा द्यावा लागतो. डिसेंबरात गाड्यांची मागणी जास्त असते, नोव्हेंबरातच देऊन टाका.

टोंग्या
अन् शिट्टी नवीन घ्या ताई. पीटीच्या मास्तरची शिट्टी तोंडाला लावायची हिंमत कोणी करत नाही.